पाऊस लांबला तर तेरा उपास

इस्राएलच्या भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणाऱ्या मारहेश्वान महिन्यात तो आला नाही तर गावाने काय करायचं, हे इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, ‘तानित’ म्हणजे उपास या भागात, सांगितलं आहे.

घाई कुठेच नाही. 17 मारहेश्वान कोरडा गेला की आधी फक्त विद्वान मंडळी उपास धरतात : सोमवार, गुरुवार, पुन्हा सोमवार. पुढचा किस्लेव महिना लागला तरी थेंब नाही, तर न्यायसभा साऱ्या गावावर तीन उपास लावते. हे सोपेच, आदल्या रात्री खाता येतं, कामधंदाही चालू. पुढचे तीन कडक. आदल्या दिवशी उजेडीच जेवून घ्यायचं. मग काम, आंघोळ, तेल लावणं, पायात चपला, सगळं बंद. त्यानंतर आणखी सात. तेव्हा शिंग फुंकतात, दुकानांनाही कुलूप लागतं.

यातलं बाजाराचं कलम मला फार आवडतं. उपासांची सुरुवात गुरुवारी करायची नाही. गुरुवारी रात्रीचं उपास सोडायचं जेवण आणि लगेच शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या शब्बाथचं, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचं, अशी दुहेरी खरेदी निघाली की दुकानदाराला वाटतं दुष्काळ आला, आणि तो भाव चढवतो.

शेवटच्या सात उपासांना धर्मग्रंथाची पेटी चौकात आणतात. तिच्यावर राख टाकतात, मग नासीच्या, म्हणजे समाजप्रमुखाच्या, आणि न्यायसभेच्या अध्यक्षाच्या डोक्यावर. बाकीचे आपापल्या हाताने लावून घेतात. दुसऱ्याच्या हातून राख लागणं जास्त लाजिरवाणं, म्हणून तो मान मोठ्यांना! मग एक वृद्ध सुनावतो, की निनवे शहरातल्या लोकांचं गोणपाट आणि उपास देवाने पाहिले असं धर्मग्रंथात लिहिलेलं नाही, करणी पाहिली असं लिहिलं आहे. प्रार्थना सांगायला उभा करतात तो वयस्क, सरावातला, पदरी मुलंबाळं आणि घर रिकामं असलेला. त्याचं मागणं मनापासूनच असणार. रोजच्या 18 आशीर्वचनांना त्या दिवशी 6 जोडतात.

टोळधाड किंवा साथ आली तर मात्र पायऱ्या नाहीत, शिंग लगेच. साथ कशाला म्हणायचं तेही ठरलेलं : 500 पायदळ उभं करू शकणाऱ्या गावात लागोपाठ तीन दिवसांत तीन मृत्यू. अतिवृष्टीसाठी शिंग फुंकत नाहीत.

आणि उपास चालू असतानाच पाऊस आला तर? लोद गावात एकदा दुपारच्या आधीच सरी आल्या. रब्बी तार्फोन म्हणाले, जा, खा, प्या, सण करा. लोक घरी गेले, जेवले, आणि तिन्हीसांजेला स्तुतिगीत म्हणायला परत आले.