हनुसंधीचे विकार आणि नित्याचा आचार

जांभई देताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज होणे, सकाळी जबडा आखडलेला असणे, अथवा भाकरीचा घास चावताना गालापासून कानशिलापर्यंत कळ जाणे, या तक्रारी असलेला रोगी पुष्कळदा आधी कानाच्या डॉक्टरांकडे व मग दंतवैद्याकडे जातो. कान निर्दोष आढळतो आणि दातही बहुधा निरोगी असतात. दोष असतो तो खालचा जबडा कवटीशी जोडणाऱ्या हनुसंधीत किंवा तो चालविणाऱ्या स्नायूंत. या विकारावर प्रथम कोणता उपचार करावा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याच्या चुकीच्या उत्तरामुळे अनेक रोग्यांचे कायमचे नुकसान झाले आहे.

प्रथम सांध्याची रचना पाहू. खालच्या जबड्याचे गोलसर टोक शंखास्थीच्या खोबणीत बसते आणि या दोहोंमध्ये तंतुमय चकती असते. चकतीमुळे सांध्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे होतात. तोंड उघडू लागताच खालच्या कप्प्यात टोक फिरते, आणि अधिक उघडताना वरच्या कप्प्यात टोक व चकती मिळून पुढे सरकतात. चकती जागेवरून पुढे घसरली म्हणजे टोक तिच्यावर उडी घेते. तोच तो ‘कट्’ आवाज होय. चकती परत जागी येईनाशी झाली, तर मात्र आवाज थांबतो आणि तोंड पुरते उघडत नाही. प्रौढ माणसाचे तोंड सामान्यतः 40 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडते. नुसता आवाज असून वेदना व अडथळा नसेल, तर त्यास उपचाराची आवश्यकता नाही.

या सांध्याकडे वैद्यकाचे लक्ष फार पूर्वीपासून आहे. निखळलेला जबडा शेकून जागी आणावा व पंचांगी बंधाने बांधावा, असे विधान सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आढळते. परंतु जबडा निखळणे ही यांत्रिक घटना आहे. दीर्घकालीन वेदनेचे तसे नाही. हा भेद विसरला गेल्याने पुढील घोटाळा झाला. 1934 मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कर्णतज्ज्ञाने अकरा रोग्यांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, दाढा पडल्याने जबडा अधिक मिटतो, त्याचे टोक मागे दबते आणि मज्जातंतूंवर दाब येऊन दुखणे उद्भवते. 1948 मध्ये हॅरी सिचर यांनी शरीररचनेच्या आधारे ही उपपत्ती असमर्थनीय ठरविली. तथापि, ‘दात नीट जुळविले की सांधा बरा होतो’ ही समजूत टिकून राहिली आणि निरोगी दात घासून काढण्याचे प्रकार चालूच राहिले. 1980 नंतरच्या दशकात तर चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम पदार्थ बसविण्यात आले. त्यांचे कण सुटून सभोवतालचे हाड झिजू लागले, आणि 1990-91 मध्ये अमेरिकन शासनास ते मागे घेण्याची कारवाई करावी लागली. काढलेली चकती किंवा घासलेला दात पूर्ववत् होत नाही, हा या इतिहासाचा बोध होय.

दरम्यान, स्नायूंचा ताण व मनःस्थिती यांचा या वेदनेतील वाटा 1969 मध्ये डॅनियल लास्किन यांनी पुढे मांडला. आज निदानासाठी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेले निकष वापरले जातात. त्यांत सांध्याबरोबरच रोग्याची झोप, चिंता व नित्याची कामे यांचाही विचार होतो. 2023 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने दीर्घकालीन वेदनेविषयी दिलेल्या मार्गदर्शनात रोग्यास धीर व माहिती देणे, जबड्याचे व्यायाम, हातांनी केलेले उपचार आणि विचार-वर्तनाची चिकित्सा यांस अग्रक्रम आहे; चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया टाळावी असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून पहिला उपचार रोग्याच्या आचारातच शोधावा लागतो. विश्रांतीच्या वेळी ओठ मिटलेले, दात परस्परांपासून किंचित दूर आणि जीभ वरच्या टाळूला हलकेच टेकलेली, ही जबड्याची स्वाभाविक स्थिती होय. अभ्यास करताना, वाहन चालविताना वा रागाच्या भरात नकळत दात आवळले जातात. दिवसातून अनेकदा त्याची आठवण ठेवणे हाच मोठा उपाय आहे. दुखणे तीव्र असेपर्यंत ऊस सोलून खाणे, भाजलेले चणे, सुपारी व च्युइंग गम वर्ज्य करावेत; मऊ भात, खिचडी अथवा दुधात कुस्करलेली भाकरी घ्यावी. जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरावी. ओल्या गरम फडक्याने पंधरावीस मिनिटे शेकावे आणि मग तोंड वेदना न होईल इतकेच सावकाश उघडण्याचा व्यायाम करावा. वेदनाशामक औषध वैद्याच्या सल्ल्याने थोडे दिवसच घ्यावे. जबड्यास दीर्घकाळ पूर्ण विश्रांती देणे मात्र हितावह नाही, कारण त्याने स्नायू अधिकच आखडतात.

तरीही प्रत्येक आखडलेला जबडा हा हनुसंधीचाच विकार असे मानणे धोक्याचे आहे. महाराष्ट्रात सुपारी व गुटख्याच्या व्यसनाने गालाच्या अस्तराखाली तंतू साचून तोंड हळूहळू मिटत जाते. तिखट लागताच होणारी आग आणि गालात बोटास लागणारे ताठर पट्टे ही त्याची खूण असून, या अवस्थेतून कर्करोग उद्भवू शकतो. दाढेचा पू, धनुर्वात, तसेच पन्नाशीनंतर कानशिलाची धमनी सुजून होणारे चावतानाचे दुखणे, यांस वेळीच ओळखावे लागते. छातीत दडपण येऊन जबड्यापर्यंत कळ येत असेल, तर हृदयविकाराची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

हे धोके वगळल्यावर उरणारे बहुसंख्य रोगी साध्या उपायांनी व काळाच्या साह्याने सुधारतात. त्यांच्या बाबतीत चिकित्सकाचे पहिले कर्तव्य म्हणजे पुढे मागे घेता येणार नाही असे काहीही घाईने न करणे.