एंजिन कां तापतें ?

ट्रॅक्टर असो कीं गोदामांतील फोर्कलिफ्ट असो, एंजिन तापलें कीं त्यांत पाणी ओतणें एवढाच उपाय पुष्कळ लोक योजतात. परंतु पाणी कमी कां झालें हें पाहिल्यावांचून तें ओतीत राहणें व्यर्थ होय. यास्तव आमच्या वाचकांस आम्ही तपासणीचा पुढील क्रम सुचवितों.

पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच असल्यानें येथें उघडें पाणी सुमारें ९८ अंश सेल्सिअसलाच उकळतें. रेडिएटरचें झांकण आंत दाब राखून ही मर्यादा वाढवितें. म्हणून तापल्या एंजिनाचें झांकण केव्हांही उघडूं नये. दाब सुटतांच पाणी उसळून हात-तोंड भाजतें. तापल्या एंजिनांत थंड पाणी ओतल्यास हेड तडकण्याचेंही भय असतें.

एंजिन निवाल्यावर पाण्याची पातळी, नळ्यांची गळती, झांकणाचें रबर व पंख्याचा पट्टा पाहावा. रेडिएटरच्या जाळींतील भुसा झाडावा. एंजिन पुन्हां तापूनही खालची नळी गारच राहिल्यास थर्मोस्टॅट अडकला किंवा रेडिएटर आंतून चोंदला असें समजावें. विहिरीच्या जड पाण्यानें आंत क्षारांचीं पुटें बसतात. तेव्हां शुद्ध पाणी मिसळलेलें कूलंटच वापरावें.

गळती नसतां पाणी घटत असेल, रेडिएटरमध्यें बुडबुडे येत असतील किंवा तेल दुधाळ झालें असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरून एंजिन तत्काळ बंद करावें. एका दिवसाच्या नांगरटीच्या लोभानें सबंध एंजिन गमावणें शहाणपणाचें नव्हे.