ऑनलाइन खरेदी व ग्राहकांचे तक्रार-निवारण : गांधीबागेच्या संदर्भात

प्रस्तावना :
नागपूरची गांधीबाग ही कापडाच्या घाऊक व्यापारासाठी विदर्भात प्रसिद्ध असलेली बाजारपेठ होय. येथे घेतलेल्या साडीत दोष आढळल्यास ग्राहक त्याच दुकानाची पायरी पुन्हा चढतो. ऑनलाइन खरेदीत ही पायरीच उरत नाही. विक्रेता दूरच्या शहरात असतो आणि संवाद बहुधा ध्वनिमुद्रित सूचनांशी होतो.

कायदेशीर तरतुदी :
१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विरुद्ध पक्षाच्या व्यवसायस्थळी किंवा तक्रारीचे कारण घडले तेथे दाद मागावी लागे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या निवासस्थानाच्या जिल्हा आयोगाकडेही जाण्याची मुभा दिली. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे व एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

मर्यादा :
पुनर्विक्रीसाठी माल मागविणारा लहान दुकानदार मात्र कायद्याच्या व्याख्येनुसार ‘ग्राहक’ ठरत नाही. त्याची फसवणूक झाल्यास हे संरक्षण त्याला मिळत नाही.

निष्कर्ष :
हक्क पुराव्यावर टिकतो. म्हणून देयक, पार्सलची छायाचित्रे व तक्रार क्रमांक जपावेत, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे साहाय्य घ्यावे आणि निवारण न झाल्यास दोन वर्षांच्या मुदतीत आयोगाकडे जावे. ही माहिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे हे महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.