स्प्रेडशीटमध्ये समीकरण मांडताना

निकालपत्रक व हजेरीच्या बेरजा यांसाठी अनेक शाळांत एक्सेलची स्प्रेडशीट वापरली जाते. त्याच तक्त्यात गणिताचा सरावसंच तयार करू गेल्यास मात्र शिक्षकास एक अडचण येते. चौकटीत =३+४ लिहून एंटर कळ दाबताच मांडणी नाहीशी होते व केवळ ७ उरतो. (सूत्रातील अंक प्रत्यक्षात इंग्रजी अंकांत टंकावेत.)

याचे कारण चिन्हाच्या अर्थात आहे. वेल्समधील गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली हे चिन्ह योजिले. दोन समांतर रेषांहून अधिक समान असे दुसरे काही नाही, हा त्यामागील विचार होता. गणितात ते चिन्ह तराजूप्रमाणे दोन्ही बाजूंची समानता सांगते. स्प्रेडशीटमध्ये चौकटीच्या आरंभी आले असता ती 'हिशेब कर' अशी आज्ञा ठरते.

मांडणी दिसावयास हवी असल्यास आरंभी एकेरी अवतरणचिन्ह टंकावे. ते चौकटीत दिसत नाही व पुढील मजकूर जसाच्या तसा राहतो. १/२ हा अपूर्णांकही याच रीतीने लिहावा, अन्यथा त्याची तारीख बनते. उभा अपूर्णांक, घातांक वा वर्गमूळ यांसाठी 'इन्सर्ट'मधील 'इक्वेशन' हे साधन आहे. मात्र असे समीकरण केवळ पाहण्यापुरते असते. त्यातून उत्तर निघत नाही. हिशेब निराळ्या चौकटीत ठेवावा.

उत्तरे पडताळतानाही सावध असावे. गणिताच्या संकेतानुसार −३² म्हणजे −९; परंतु एक्सेलमध्ये =-३^२ लिहिल्यास ९ मिळतात, कारण तेथे ऋणचिन्ह आधी लागू होते. =-(३^२) असे लिहिले म्हणजे उत्तर बरोबर येते.

हा प्रश्न केवळ टंकलेखनाचा नव्हे. ६+३=□+२ या उदाहरणात पुष्कळ मुले ९ लिहितात; त्या चिन्हाचा अर्थ 'पुढे उत्तर लिहा' एवढाच त्यांनी घेतलेला असतो. योग्य उत्तर ७ आहे. यास्तव सरावसंचात ९=६+३ अशी उलट मांडणी व दोन्ही बाजूंस क्रिया असलेली उदाहरणेही अवश्य द्यावीत. यंत्राने चिन्हाला आज्ञा मानले तरी मुलांनी त्यात समतोलच पाहिला पाहिजे.