सांगलीत पाऊस वाढला की सगळे ‘आयर्विनला किती फूट?’ असं का विचारतात?

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीतल्या कुणालाही फोन लावा. ख्यालीखुशालीच्या आधी एक आकडा कानावर पडतो, “आयर्विनला ३८ फूट झालंय.” हा आकडा कृष्णेवरच्या जुन्या दगडी पुलाजवळचा. बांधला होता रहदारीसाठी आणि व्यापारासाठी, पण आज अख्खं शहर त्याच्याकडे बघून सामान हलवायचं की नाही ते ठरवतं.

पूल कुणाच्या काळातला?

सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते पुलाचं उद्घाटन झालं आणि त्यांचंच नाव पुलाला मिळालं. लालसर दगडाच्या या पुलाच्या मधूनच खाली नदीत उतरायला वाटा ठेवलेल्या आहेत.

व्यापाराशी काय संबंध?

पूल ओलांडला की सांगलीवाडी, पुढे आष्टा, इस्लामपूर आणि पेठ नाक्याला पुणे-बंगळुरू महामार्ग. अलीकडच्या काठाला गणपती पेठेसारख्या बाजारपेठा. म्हणजे नदीपलीकडचा शेतकरी आणि सांगलीचा व्यापारी यांना जोडणारा हा बारमाही रस्ता होता.

सांगलीची खरी ओळख हळदीची. शेजारच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. इथल्या मातीत ती वर्षानुवर्षं टिकायची. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ज्या नदीकाठामुळे पेवं जमली, त्याच नदीने २००५ च्या पुरात त्यांचं मोठं नुकसान केलं.

मग ‘फूट’ म्हणजे नेमकं काय?

पुलाजवळ पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. तिच्या ठरलेल्या शून्यापासून पाणी किती वर आलं, तो हा आकडा. नदी सगळीकडे तेवढीच खोल आहे, असा त्याचा अर्थ नाही.

४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड अशा सखल भागांत मात्र त्याआधीच धावपळ सुरू होते. २००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं होतं, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. २०१९ ला तर बाजारपेठच पाण्याखाली होती.

सांगलीकराच्या डोक्यात या आकड्यांचा नकाशाच असतो. अमुक फुटांना पाणी गल्लीच्या तोंडाशी, तमुक फुटांना उंबऱ्यावर. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की तो मनातल्या मनात हिशेब मांडतो.

पण पूल किती वर्षं साथ देणार?

दगडी कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो आणि भार खांबांवर उतरतो. दाब सोसण्यात दगड पक्का. पण पुराच्या ओढीने पायाखालची माती गेली तर दगड कितीही मजबूत असला तरी उपयोग नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस वाहून गेल्या. म्हणून जुन्या पुलांची पाण्याखालची तपासणी महत्त्वाची.

आयर्विन जपायचा तो केवळ जुना आणि देखणा आहे म्हणून नाही. इथल्या नोंदींमुळेच २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर एकाच मापाने ताडून बघता येतात. उद्या वाहतूक दुसरीकडून वळली, तरी हे माप मोडून चालणार नाही. कारण सामान माळ्यावर टाकायचं की घरच सोडायचं, हे सांगलीत त्याच आकड्यावर ठरतं.