तक्रारपेटी आहे, पण ती उघडणार कोण?

रविवारी संध्याकाळी पोटात दुखू लागते, सोमवारी सकाळी डोके दुखते आणि सुट्टी लागली की सगळे आपोआप थांबते. अशा मुलाच्या तपासण्यांत काही सापडले नाही, तर डॉक्टरांनी आणि पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : शाळेत कोणी त्रास देते का?

बरोबरीच्या दोन मुलांचे भांडण म्हणजे बुलिंग नव्हे. स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या मुलाला जाणूनबुजून, वारंवार दिलेला त्रास म्हणजे बुलिंग. मारहाण, रंगावरून वा जातीवरून चिडवणे, खेळात न घेणे, व्हॉट्सॲप ग्रुपवर टिंगल करणे ही त्याचीच रूपे. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार, जगातील जवळजवळ दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाने आदल्या महिन्यात असा त्रास सोसला होता.

‘मुलेच ती, विसरून जातील’ हा समज खरा नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या हजारो मुलांची माहिती पुढे अनेक वर्षे नोंदवली गेली. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले.

तक्रार आली की दोघांना बोलावून समज द्यायची, ही नेहमीची पद्धत. त्याने तेवढ्यापुरते मिटते, पण वर्गाचे वातावरण बदलत नाही. नॉर्वेमध्ये १९८३ साली सरकारने शाळांसाठी देशव्यापी मोहीम हाती घेतली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांच्या कार्यक्रमात मुलांकडून निनावी माहिती घेणे, मधल्या सुट्टीत देखरेख, वर्गाचे नियम आणि पालकांशी चर्चा हे सारे एकत्र होते. बर्गेनच्या शाळांत दोन वर्षांत बुलिंग सुमारे निम्म्यावर आले. इतर देशांत एवढे यश नेहमी मिळाले नाही. तरी अनेक कार्यक्रमांच्या एकत्रित अभ्यासात सरासरी पाचव्या हिश्श्याच्या आसपास घट दिसली.

आपल्याला जवळचे उदाहरण बिहारचे आहे. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेच्या ‘सेहर’ उपक्रमाचा अभ्यास नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत झाला आणि ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रपेटी, भित्तिपत्रक, परिपाठाच्या वेळी चर्चा, विद्यार्थ्यांचे गट आणि गरजूंना समुपदेशन असे त्याचे स्वरूप होते. काही शाळांत हे काम खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकाकडे होते, काहींत शिक्षकाकडे. समुपदेशक असलेल्या शाळांत बुलिंग आणि नैराश्याची लक्षणे दोन्ही कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही.

याचा दोष शिक्षकांना देता येणार नाही. तास, परीक्षा आणि कागदपत्रे सांभाळून उरलेल्या वेळात करायचे हे काम नाही. त्यासाठी ठरलेला माणूस आणि राखून ठेवलेला वेळ लागतो. महाराष्ट्रातील शाळांत तक्रारपेटी बंधनकारक आहे. पण ती कोण उघडणार, किती दिवसांनी उघडणार आणि पुढे काय करणार, हे ठरलेले नसेल, तर ती भिंतीवरची नुसती पेटीच राहते.

हे ठरवणे मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांच्याच हातात आहे. सुरुवात साधी करता येईल. मुलांना नाव न लिहिता तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगावे : त्रास कुठे होतो, केव्हा होतो आणि सांगायचे झाल्यास कोणाला सांगाल? जिना, स्वच्छतागृह, स्कूलबस अशी जी ठिकाणे पुढे येतील, तिथे मोठ्या माणसांची हजेरी वाढवावी. पुढच्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणालाच नाही’ असे किती मुलांनी लिहिले, हा आकडा शाळेने दहावीच्या निकालाइतकाच गांभीर्याने घ्यायला हवा.