सहा दिवस बर्फाखाली

चेन्नईत हिवाळा म्हणजे पंखा एक नंबरने कमी करायचा, बस्स. मग इथे बसून हिमस्खलनावर का बोलायचं? कारण या शहराचं जुनं नाव लावणारी एक पलटण आहे, मद्रास रेजिमेंट. तिच्या १९व्या बटालियनचे दहा जवान ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम चौकीवर, सुमारे १९,६०० फुटांवर, बर्फाखाली गाडले गेले. त्यांत तमिळनाडूचे चौघे होते, आपल्या साताऱ्याचाही एक होता. सहा दिवसांनी लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

सहा दिवस कसे तगले? बर्फात माणूस बहुधा थंडीने मरत नाही, गुदमरून मरतो. श्वासाच्या वाफेने तोंडापुढे बर्फाचं झाकण धरतं आणि सोडलेली हवाच पुन्हा आत जाते. पाव तासात बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात. अर्धा तास उलटला की तिघांत एखादा. हनुमंतप्पा तंबूत होते, तिथे हवेची पोकळी राहिली असावी.

सोनमला बर्फाचा अजस्र कडाच कोसळला होता. आपली ट्रेकर मंडळी हिवाळ्यात उत्तराखंड-हिमाचलला जातात, तिथला नेहमीचा धोका वेगळा असतो. बर्फ थराथराने साचतो. कडाक्याच्या थंडीत पातळ बर्फाच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात, ते एकमेकांना धरत नाहीत. वर वारा नवा बर्फ आणून दाबून बसवतो. उतरत्या जमिनीवर रवा पसरून त्यावर फरशी ठेवावी, तसं हे प्रकरण. त्यावर माणसाचा पाय पडला की खालचा थर बसतो आणि अख्खी फरशी सुटते. जीव घेणारी बरीचशी हिमस्खलनं अशी त्यात सापडणाऱ्यांच्याच, किंवा त्यांच्या सोबत्यांच्या, वजनाने सुटतात. ‘बर्फ कोसळला’ असं आपण म्हणतो खरं!

हे सगळं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतं. त्याहून उभ्या उतारावर बर्फ फारसा साचतच नाही, आधीच थोडाथोडा घसरून जातो. म्हणजे चालायला बरा वाटणारा उतारच नेमका वाईट. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस तर अशा उतारावर आणि त्याच्या पायथ्याशीही जाऊ नये, मग आकाश कितीही निळं असो. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, तर खालचा थर बसला असं समजा आणि मागे फिरा.

आता तो पाव तास पुन्हा आठवा. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही, शोधायचं सोबत्यांनीच. त्यासाठी तीन वस्तू लागतात: गाडलेल्याची जागा सांगणारं बीकन, खोली चाचपायची लांब सळई आणि फावडं. या तिन्ही प्रत्येकाजवळ हव्यात, एकट्या गाईडजवळ असून चालत नाही. कारण गाडला जाणारा तोच असला तर?